पाचशे रुपयांत दिसलेला दादा

९ फेब्रुवारी, रविवार
आई परत पुनावळ्याला जाऊन आली! त्या रंभाताईकडे. ही बाई फ्लॅटमध्ये बसते, फोटोवर हात ठेवते, डोळे मिटते आणि पाचशे रुपयांत हरवलेली माणसं शोधून देते. दादा घर सोडून गेला त्याला आठ महिने झाले. त्याच्या लग्नावरून आई नको ते बोलली, तो बॅग घेऊन निघाला. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, काही नाही. आता हे.

आज म्हणे, "गुजरातेत आहे. गाड्यांच्या कारखान्यात. मिशी काढलीय. न्यायला जाऊ नका, आपणहून येईल." आईने दोन चपात्या जास्त खाल्ल्या. मला रडावं की ओरडावं कळेना. किती दिवस लुटणार आहे ही बाई आम्हाला?

१० फेब्रुवारी
सेकंड शिफ्ट. पाय दुखतायत. त्यात बाबा! गल्लीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली तरी भांडायला जाणारा माणूस. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आणि घरात हे चाललंय तर म्हणतात, "जाऊ दे गं तिला, आमू." थकले बाबा. आम्ही सगळेच थकलोय.

१२ फेब्रुवारी
चाकणच्या कंपनी बसमध्ये तेजलला सगळं सांगितलं. महाळुंग्याची आहे, माझ्याच लाइनवर. म्हणाली, "आमच्यात बी देवाला कौल लावत्यात. पण फोटो बघून असं पैसं घेती म्हंजी बाई लबाड हाय." मग तीच म्हणाली — माझ्या नवऱ्याचा फोटो नेऊ की!

१५ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. तेजलने बाळूचा फोटो पुढे ठेवला, तोंड पाडलं. "नवरा सापडंना, ताई." बाईने डोळे मिटले. "लांब आहे. पाण्याजवळ. तुमची आठवण काढून रडतो." बाळू खाली बाइकवर बसून वडापाव खात होता! तेजलने ओढणीआड सगळं रेकॉर्ड केलं. जिन्यात इतक्या हसलो की वॉचमन वर बघायला आला.

घरी येऊन आईला ऐकवलं. वाटलं, बाईच्या नावाने शिव्या घालेल. तर म्हणाली, "परत लाव." परत लावलं. तिने गॅसवरचं दूध उतरवलं आणि आत जाऊन पडली. बाबा म्हणाले, "काय केलंस हे, पोरी!" मला रागच आला. चोराला चोर म्हटलं, यात माझं काय चुकलं?

१६ फेब्रुवारी
आई जेवली नाही.

१७ फेब्रुवारी
आजही नाही. नुसता चहा. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, ऑडिट आहे. गेले कामाला. दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आज उठली. अंघोळ केली, पांढरी साडी नेसली, विहारात गेली. भन्तेजींना सांगून आली — रविवारी दादाचं, बुद्धरत्नचं पुण्यानुमोदन. माणूस गेल्यावर करतात तो विधी! ते म्हणाले, घाई करू नका बाई. ऐकेल तर शपथ! मला म्हणाली, "जिवंत असता तर त्या बाईला खोटं कशाला बोलावं लागलं असतं?" दादाचा फोटो मोठा करून आणायला मलाच सांगितलंय. देवा! — कुठल्या देवाला हाक मारतेय मी?

२० फेब्रुवारी
बाबा बोलले. दादा त्यांना फोन करतो. दर वेळी दुसऱ्याच्या नंबरवरून. "आईला सांगितलंत तर परत करणार नाही." म्हणून बाबाच रंभाताईकडे गेले होते. गुजरात, कारखाना, मिशी — तिला सगळं बाबांनी पढवलं!

संध्याकाळी आईपुढे बसून त्यांनी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तुम्हीपण त्या बाईसारखंच बोलायला लागलात." आणि रविवारच्या भोजनदानाचे तांदूळ निवडायला बसली.