माझी आई शिक्षिका होती

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला काहीही लिहायची मुभा आहे असं मी धरून चालले आहे. तुझ्याशी खरं तर तुझ्याच बोलीत बोलायला हवं. पण तीस वर्षं बँकेत काढली, हात आता बँकेच्या मराठीतच चालतो, त्याला मी काय करू? तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी झालेली तुझी नात आता चोवीसची आहे. मिहानमधली चांगली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिनं काय धरलं असेल, सांग? धरमपेठेकडच्या एका पिझ्झाच्या हॉटेलात कणीक मळायचं काम. तीन महिने उमेदवारीवर. मी डोक्याला हात लावला, दोन दिवस बोलले नाही, तिनंही मला मनवलं नाही. ती तुझ्यावर गेली आहे, हट्टी.

त्या हॉटेलचा मालकच आचारी आहे. त्याला शेफ म्हणतात. नागपूरचाच पोरगा, चाळिशीचा असेल, इटलीत जाऊन शिकून आलेला. बाहेर वहीत नाव लिहून लोक पाऊण पाऊण तास उन्हात उभे राहतात, इतकं चालतं त्याचं. त्याची एक रीत आहे. कुणाला कायम कामावर घेण्याआधी त्याच्या घरच्यांना एकदा जेवायला बोलावतो. स्वतः टेबलापाशी येऊन बोलतो आणि मग ठरवतो. परवाच्या रविवारी दुपारी माझी पाळी होती. तुझे जावई गावाला गेले होते, म्हणून मी एकटीच. सकाळी निघताना पोरीनं मला बजावलं, "आई, सर चिडले तरी चालते, पण खोटं बोललेलं त्यायले चालत नाही. मागच्या महिन्यात एकाले खोट्या सर्टिफिकेटवरून उभ्या उभ्या काढून टाकलं." मी म्हटलं, मला कशाला सांगतेस, मी काय नोकरी मागायला येऊन राहिली का?

दुपारी गेले तर तिनं मला भट्टीसमोरचंच टेबल दिलं आणि आत गेली. लाकडाचा जाळ, बाहेर घाम, आत एसी. शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी सॉस मागितला, तर वाढणाऱ्यानं हात जोडून सांगितलं की इथे सॉस मिळत नाही. काका म्हणाले, "काहून? पैसे घ्या नं वरून!" मला हसू आलं, पण ते तितक्यावरच थांबलं, कारण तेवढ्यात मला माझी पोरगी दिसली. कोपरापर्यंत पीठ. ओलीगच्च कणीक दोन्ही हातांवर घेऊन ती अशी झुलवत होती, अशी लांबवत होती, की माय, मी खुर्चीतून अर्धी उठले. ती पिझ्झाची रीत नव्हती. ती तुझी रीत होती. लोकवन गव्हाच्या पिठाला आपटून आपटून तार आणायची, पाण्याच्या हातानं रोटी मनगटावरून कोपरापर्यंत न्यायची आणि जाळावरच्या उपड्या मडक्यावर अलगद पसरायची. इतवारीत धान्याच्या गल्लीमागे तू दुपारपासून हेच करायचीस, आणि लोक लंबी रोटी न्यायला दाराशी उभे राहायचे. मी बारा वर्षांची असताना एकदा कणकेला हात लावला, तर तू असा फटका मारलास! "हात काढ! पुस्तक घे! माह्यासारखे हात नाही होऊ द्यायचे तुये." तुझ्या हातावर एक केस नव्हता, सगळे जळलेले. मी पुस्तक घेतलं. इतकं घेतलं की पुन्हा त्या चुलीकडे बघितलं नाही. आणि ही कार्टी मिहानात असताना दर रविवारी मावशीकडे, शाळा सोडून तुझी चूल धरलेल्या माझ्या बहिणीकडे, जाते जाते म्हणायची ती हे शिकायला जात होती, हे मला त्या क्षणी कळलं.

पिझ्झा आला. चांगला होता, खोटं कशाला सांगू. कड फुगलेली, जागोजागी काळे डाग, टोमॅटो आंबटगोड, वर तुळशीसारखा कसला तरी पाला. मी दुसरा तुकडा उचलते आहे आणि शेफ येऊन उभा राहतो. मागे माझी पोरगी, हात पुसत, तोंडभर हसू. तो म्हणतो, "काकू, हिचे हात पाहिले का? एवढी पातळ कणीक माझ्याही हातात फाटते. मी विचारलं कुठं शिकली, तर म्हणे माझी आजी इतवारीत लंबी रोटी करायची. खरंच का हो?" आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. त्यात आमच्या बँकेच्या एक जुन्या मॅडम होत्या, मला ओळखून हसल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, माझी आई शिक्षिका होती. हिनं गंमत केली असेल."

शिक्षिका, माय! अंगठा उठवणारी तू! बँकेत लागले तेव्हा सगळ्यांना हेच सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते जिभेवर इतकं बसलं होतं की मला विचारही करावा लागला नाही.

पोरीचं हसू गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग शेफकडे वळून शांतपणे म्हणाली, "सॉरी सर. आई म्हणते ते बरोबर आहे. मीच उगाच सांगितलं." तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "ॲप्रन काढून ठेव. आईसोबत घरी जा तू." आणि भट्टीकडे चालता झाला.

मी तिथे बसले होते, पण डोळ्यांसमोर बँकेतला तो दिवस होता. नोकरीचा पहिलाच महिना. भर दुपारी तू काउंटरपाशी उभी आहेस, लुगड्याला धुराचा वास, हातात फडक्यात बांधलेल्या गरम रोट्या. साहेब विचारतात, कोण आहे ही? आणि तुझ्यासमोर, हातभर अंतरावर, मी म्हणते, "आमच्याकडे काम करते." तू एक क्षणही घेत नाहीस. "हो साहेब, बाईनं डब्बा पाठवला," म्हणतेस, रोट्या ठेवतेस आणि जातेस. संध्याकाळी मी मान खाली घालून घरी आले, तर तू एवढंच विचारलंस की रोट्या गार तर नव्हत्या झाल्या. बँकेत तू पुन्हा कधी आली नाहीस.

मी हातातला तुकडा ताटात ठेवला. पोरगी आत ॲप्रनची गाठ सोडत होती. मी उठले, खुर्ची पडली ती पडूच दिली आणि भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं तर तुझीच बोली बाहेर आली. "खोटं ते नाही बोलली. खोटं मी बोलली. माही माय लंबी रोटी करे. मडक्यावर. शाळेचं तोंड नाही पाहिलं तिनं." त्या बँकेच्या मॅडम ताटात बघत होत्या. शेफनं विचारलं, "तुम्हाला येते का?" मी म्हटलं, "नाही. तिनं शिकू नाही दिली, अन् मीही कधी मांगितली नाही." तो पोरीकडे वळला, "मग तू काहून हो म्हटलं?"

"आई आहे नं सर," ती म्हणाली.

त्यानं एक ओंडका उचलला. भट्टीत टाकला. मला वाटलं, गेली पोरीची नोकरी, माझ्या पायी गेली. मग म्हणाला, "उद्या अकराला ये. कणकेचं तूच बघशील आता." पोरीनं गाठ पुन्हा बांधली आणि सोडली, कारण घरी तर जायचंच होतं. आम्ही बिल द्यायला लागलो तर त्यानं घेतलं नाही.

परत येताना स्कूटर मी चालवत होते, ती मागे बसली होती. मला वाटलं भांडेल, आणि भांडली असती तर बरं झालं असतं. शंकरनगरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आई, तुले आजीची लाज वाटत होती, हे तिले माहीत होतं का वं?"

मी म्हटलं, "नाही. तिले कधी कळलंच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली.