आखाजी आणि माझी सुझुकी फ्रॉन्टे

३ एप्रिल, सकाळ
ज्योत्स्ना माहेरी गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून वेळ आहे, तरी गेली. एसटीत चढता चढता सांगून गेली, की आखाजीपर्यंत माझी एक जरी मारामारी कानावर आली तर ती परत येणार नाही. मी हसलो. पण संकल्प केला. हात उचलायचा नाही. जपानी माणूस चिडत नाही, कमरेत वाकतो. आपण आता त्याच वळणाचे.

जपानी गाड्यांचा संग्रह झाडून-पुसून ठेवला. गाडी एक, १९८४ ची. दार एक, जोंगाचं. जोंगा म्हणजे मिलिटरीची जुनी जीप, मूळ डिझाइन निस्सानचं. दार धुळ्याच्या भंगारात मिळालं. उरलेली जीप मिळेल तेव्हा मिळेल.

४ एप्रिल
पेट्रोल पंपावर एक जण म्हणाला, वा, जुनी मारुती! शांतपणे समजावलं, की पाटी कुठलीही असो, अंगकाठी सुझुकी फ्रॉन्टेची आहे. ती सरळ रेघ बघा. जपानी माणूस रेघ ओढतो आणि वेळेवर थांबतो. तो म्हणाला, हो, पण मारुतीच ना? कॉलर धरली. फक्त धरली. बटणं त्याची आधीच सैल होती. मग त्याने माझं नाक धरलं.
ही मारामारी नव्हे. चर्चा.

७ एप्रिल, दुपार
ऊन मरणाचं. ठिबकच्या नळ्या घ्यायला काळं कुत्रं येत नाही. दुकानात बसून व्हिडिओ पाहिले. जुन्या जपानी गाड्यांचे आरसे दाराला नसतात, पुढे बॉनेटच्या दोन्ही कडांना असतात. मान न वळवता मागचं दिसतं. काय विचार! आपल्याकडे मान वळवूनही दिसत नाही. आरसे मागवले.

साल्याचा, नवलचा फोन. म्हणाला, दाजी, त्या खोक्याला आरसे कशाला? समोर असता तर दोन दात कमी झाले असते. नंतर वाचलं, की जपानमध्ये एका जुन्या स्कायलाइनला लाडाने खोकंच म्हणतात. नवलला मनातल्या मनात माफ केलं.

९ एप्रिल, धुळे
आरसे बसवायला भाईदास डेंटरकडे. माणूस नावाजलेला. त्याने डावा आरसा उजव्यापेक्षा वीतभर पुढे बसवला. म्हणाला, "काय फरक पडस? मारुतीच शे ना भाऊ." रंगाचा डबा माझ्या हातून निसटला आणि त्याच्या डोक्यावर उपडा झाला. त्याने हातोडी फेकली, मी वाकलो, हातोडी मागच्या दारात रुतली. पुढचं नीट आठवत नाही. त्याला दोन भाऊ आहेत एवढं आठवतं.

ओठ सुजलाय. चहा सुद्धा स्ट्रॉने. पण धुळे जिल्हा वेगळा. संकल्प जळगाव जिल्ह्यापुरता होता असं धरायला हरकत नाही.

१६ एप्रिल
पिंप्राळ्यात, आमच्या गल्लीत, गाडी रिव्हर्स घेत होतो. नव्या आरशांत सगळं बारीक आणि लांब दिसतं. शेजारच्या तोताराम आबांचं फाटक फार लांब दिसत होतं. ते नव्हतं.

आबा काठी घेऊन आले. एक गुडघ्यावर, दोन पाठीवर. मी हात उचलला नाही, फक्त काठी हिसकावून मोडली. काठी ही वस्तू. आबा ओरडले, "तुन्ही मारुती जाळी टाकसू!" मी म्हणालो, आबा, फ्रॉन्टे. तेवढ्यात मागून आबांच्या घरच्या सुमनबाई कपडे धुण्याचं धोपटणं घेऊन आल्या. बाईमाणसावर हात कसा उचलायचा? गच्चीवर पळालो. तिथे दार आतून लावून बसलो आणि ध्यान केलं.

१८ एप्रिल
ज्योत्स्ना फोन उचलत नाही. गावात रेंज नसणार. सुमनबाई मात्र तिच्याशी तासभर बोलल्या म्हणे.
घर फार शांत आहे. शांतता मला आवडत नाही असं दिसतं.

२५ एप्रिल
मास्टर प्लॅन. आखाजीला गाडी घेऊन थेट सासरवाडीला. पाचोऱ्याच्या पुढेच गाव. कोरड्या नदीत, वाळूवर, तिरप्या उन्हात फ्रॉन्टेचा फोटो. शेजारी ज्योत्स्ना. फोटो बघून ती विरघळेल, त्याच गाडीतून परत. ओठाची सूज उतरलीय.

३० एप्रिल, आखाजी. संध्याकाळ, सासरवाडी
अक्षर वाकडं येतंय.

इथली रीत अशी. गौराई बोळवली की नदीच्या अलीकडे या गावच्या बायका, पलीकडे शेजारच्या गावच्या, आणि मधून शिव्या आणि दगड. त्याला बार म्हणतात. पुरुषांनी लांब उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी काही मनात ठेवायचं नाही. नवलने बजावलं होतं, "दाजी, आज बार शे. गाडी बाजूले ठेवा." मला वाटलं, आजच्या काळात खरे दगड कोण मारतं? प्रतीकात्मक असेल.

गाडी बरोबर मधोमध लावली. ऊन अगदी हवं तसं. दोन्ही काठांना हात दाखवून पाच मिनिटं थांबायला सांगितलं. आणि थांबल्या की! मग पलीकडून एक म्हातारी ओरडली, "अवं, हाई ते मारुती शे!"

मी तोंड उघडलं. फ्रॉन्टेचा इतिहास थोडक्यात सांगितला. शेवटी शिवी गेली. एकच.

बारात पुरुषाने शिवी दिली असं इथे कधी झालं नव्हतं म्हणे. क्षणात दोन्ही गावांची एकी झाली. मागची काच, दोन्ही आरसे, टप. मी बॉनेटवर आडवा पडलो. एक गोटा कपाळाला, एक जिथे लागू नये तिथे. रक्त डोळ्यात. तेवढ्यात ज्योत्स्ना दिसली. पदर खोचलेला, ओच्यात गोटे, आणि हसत होती. लग्नानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नाही. फार छान दिसत होती. तिला घरी न्यायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी उठून हात हलवला.
तिने हात मागे नेला. मी वाकलो. पुढची काच गेली.

१ मे
कपाळाला टाके. नवलने ट्रॅक्टरने गाडी ओढून गोठ्यात लावली. रीत म्हणजे रीत, सगळ्यांनी हसून चहा पाजला. ज्योत्स्ना आतून बाहेर आली नाही. सासू मंजुळाबाई म्हणाल्या, जवाई, तुम्ही एसटीने जा. आलो.

४ मे
ज्योत्स्नाने फोन उचलला! टाक्यांचं विचारलं नाही, मीच सांगितलं. म्हणाली, पुढची काच फुटली तो गोटा माझा. मी विचारलं, गाडीवर एवढा राग? म्हणाली, गाडीवर कशाला, बिचारी गाडी. नेम तुमच्यावर होता.

केवढं हलकं वाटलं! म्हणजे फ्रॉन्टेबद्दल तिच्या मनात काहीच नाही. मग मी मोकळेपणाने बोललो. काच कुठे मिळेल, टप कोण ठोकून देईल, आरसे या वेळी एका रेघेत कसे बसवायचे. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.
शेवटी, घरी कधी येतेस, असं विचारून थांबलो. तेव्हा कळलं, फोन तिने केव्हाच ठेवला होता.