आधी तक्रार, मग उत्तर

अण्णा,

तुमच्या सांगलीच्या कारखान्याचा आता ब्लॉग आहे. ब्लॉग म्हणजे काय हे समजावून सांगायची मला हौस नाही आणि ताकद तर त्याहून नाही. तुम्ही फवारणीचा पंप घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दर महिन्याला पत्रक पाठवायचात, तेच आता मोबाइलवर जातं, एवढं धरून चाला. फरक इतकाच की तुमचं पत्रक लोक वाचायचे.

कारखाना आता दादाचा मुलगा, तुमचा नातू, चालवतो. पितळी हातपंप गेले, पाठीवर घ्यायचे बॅटरीचे पंप आले. ब्लॉग तो पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीकडून लिहून घेतो आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवतो, कारण आत्या इंग्रजीची का होईना, मास्तरीण होती, आता निवृत्त होऊन साताऱ्यात रिकामी बसली आहे, आणि पैसे मागत नाही. मी एका बैठकीत सतरा लेख वाचले. ‘आजच्या धावपळीच्या युगात फवारणीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ अण्णा, तासगावच्या द्राक्षबागायतदाराला फवारणीचं महत्त्व सांगायचं? छाटणीनंतर तो माणूस एक वेळ जेवण विसरेल, फवारणी विसरणार नाही. सतराच्या सतरा लेखांत एकही पंप बिघडत नाही, एकही माणूस चिडत नाही, कुणाच्या पायाला चिखल लागत नाही. सगळं कसं लग्नाच्या आहेरासारखं, वरून चकचकीत आणि उघडल्यावर पुन्हा तीच भिंतीवरची घड्याळं. शुद्धलेखन बाकी बिनचूक होतं. वाचून मला राग आला, आणि या वयात राग आला की मी दमते.

तुमचं पत्रक कसं तयार व्हायचं ते मला लख्ख आठवतं, कारण त्याचं सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल मी कोरायचे. शाळा सुटली की गणवेशातच कारखान्यात यायचं, तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचं. दारातून कुणीतरी पंप हातात धरून, मेलेलं कोंबडं धरावं तसा, आत येतो आणि उंबऱ्यातूनच सुरू करतो.

“आवं मालक, ह्यो पंप हाय का पिचकारी? रंगपंचमीला चालंल ह्यो, बागंला न्हाई!”

तुम्ही त्याला स्टुलावर बसवता, चहा सांगता, वही उघडता. “आता परत तेच बोला, पण जरा हळू. लिहून घ्यायचंय.”

“लिवून घेताय व्हय? मग थांबा, जरा नीट शिव्या देतो.”

आणि तो देतो. तुम्ही त्यातल्या छापण्याजोग्या तेवढ्या उतरवून घेता, त्याच्याच शब्दांत, आणि महिन्याचं पत्रक त्या शिव्यांनीच सुरू होतं. आधी तक्रार, मग उत्तर. उत्तरात आमचा पंप श्रेष्ठ वगैरे काही नाही, फक्त काय बिघडलं, का बिघडलं, आणि घरच्या घरी काय करायचं. लोक ते पत्रक खुंटीला लावून ठेवत. एकाने मला सांगितलं होतं, “पोरी, आमी पैल्यांदा बगतो, ह्या वक्ताला मालकाला कुणी झाडलंय.”

मला त्या पत्रकाची लाज वाटायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. तक्रारीचं पत्रसुद्धा असं लिहायचं की वाचणाऱ्याला वाटावं, आपलं अभिनंदनच चाललं आहे. दहावीत असताना एका महिन्यात तुम्हाला ताप होता आणि मजकूर तसाच माझ्या हाती आला, तेव्हा मी तो सुधारला. पिचकारी काढली. ‘आमच्या सन्माननीय ग्राहकांच्या मौलिक सूचनांचे आम्ही सदैव स्वागत करतो,’ असं घातलं. खाली एक ओबडधोबड ओळ होती: पंप आठ दिवस बंद राहिला तर चामड्याचा वायसर काढून तेलात ठेवावा, नाहीतर वाळून आवळतो. ती सुंदर परिच्छेदात बसेना, म्हणून गाळली.

पावसाची झड आठवडाभर लागली. ती उघडल्यावर एका बागायतदाराने पंप खांद्याला लावला, तर त्यात दाबच नाही. तो सांगलीला येऊन नवा वायसर घेऊन जाईपर्यंत केवडा रोगाने त्याच्या निम्म्या बागेची पानं खाल्ली होती. हे सांगायला तो आला तेव्हा ओरडला नाही. पत्रक टेबलावर ठेवून म्हणाला, “मालक, तीनदा वाचून घेतलं पोराकडनं. ह्यात कायबी न्हाई वो.”

तुम्ही पत्रक उचललंत, माझं वळणदार अक्षर पाहिलंत आणि त्याला म्हणालात, “चूक माझी.” तो गेल्यावर मला म्हणालात, “यातलं एक वाक्य दाखव, जे त्या माणसाच्या उपयोगाचं आहे.” मी बराच वेळ शोधलं. पुढच्या महिन्याचं पत्रक तुम्ही जागच्या जागी सांगितलंत, चहाचा कप हातात होता: मागच्या पत्रकात वायसरचं सांगायचं राहिलं, त्यात एका बागेचं नुकसान झालं, चूक मालकाची आहे. दोन मिनिटं लागली असतील. मी खाली मान घालून ते कोरलं.

तर गेल्या महिन्यात मी सरळ एसटीत बसून सांगलीला गेले. नव्या पंपाच्या बॅटरीत पाणी जातं आणि तो मध्येच बंद पडतो, अशा तक्रारींचे फोन येत होते, आणि ब्लॉगवर त्याच वेळी ‘फवारणीचे उज्ज्वल भविष्य’ चाललं होतं. मी फोनपाशी बसले. कवठ्याकडच्या एक बाई म्हणाल्या, “आवं बाई, तुमचा पंप लय शाना हाय. मला कामाला लावतो आन् सोता झोपतो.” मी म्हणाले, जरा हळू बोला, लिहून घेते.

भाचा हादरला. “आत्या, आपणच आपल्या पंपाची निंदा छापायची? समोरच्या कारखान्यातले जिलेबी वाटतील.”

“वाटू देत. पंप बंद पडतो हे तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. फक्त तुझ्या ब्लॉगला माहीत नाही.”

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मग म्हणाला, लिहा. मी लिहिलं: त्या बाईंचं वाक्य वर, त्याखाली उत्तर. पंप धुताना बॅटरीच्या झाकणातून पाणी जातं, नवं झाकण येईपर्यंत त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी. लोकांनी तो मजकूर एकमेकांना पाठवला. सतरा लेखांना मिळून जेवढी माणसं आली नव्हती तेवढी एका दिवसात आली. मी साताऱ्याला परतले ती, खरं सांगते, जरा ताठ मानेनेच.

या सोमवारी त्याच बाईंचा मला साताऱ्याला फोन आला. “बाई, पोरीनं वाचून दावलं. लिवलंय झ्याक. पर चुकलंय.” पाणी धुताना जात नाही. झाकणाची खिटी बाजूला बाहेर आलेली आहे, ती द्राक्षाच्या मांडवाखालून वळताना तारेला अडकून अर्धी उघडते, आणि मग औषधच आत गळतं. “आन् ती पिशवी तर आनकी अडकती. तुमी कवा बागंत वाकून चाललाय का?”

नाही चालले. भाच्याने पंप पाठीवर घेऊन पाहिलं, बाई बरोबर होत्या. खिटी आत घ्यायचं काम त्याने लगेच सुरू केलं आणि मला फोनवर हळूच विचारलं, “आत्या, तुमचा लेख गुपचूप काढून टाकू का?” मी कडाडले. म्हणाले, मुळीच नाही, चूक झाली तर चूक म्हणून छापायची असते, याच कारखान्यात शिकले आहे मी, उद्या लिहून पाठवते.

आज शुक्रवार आहे. बागा फुलोऱ्यात आहेत. माझं वाचून रोज कुणीतरी झाकणावर पिशवी बांधत असेल. मी रोज सकाळी बसते आणि ‘काही तांत्रिक कारणास्तव’ असं काहीतरी माझ्या हातून उतरतं, ते मी खोडते. दुसऱ्यांच्या लेखांवर लाल शाई चालवताना माझा हात कधी अडला नाही, अण्णा. तुम्हाला ते चहा पिता पिता कसं जमलं, हे तुम्ही होतात तेव्हाच विचारायला हवं होतं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच एवढं भरभर लिहून झालं.

मघाशी भाच्याचा निरोप आला, “आत्या, झालं का?” मी कळवलं, होत आलंय. कागदावर अजून फक्त तारीख आहे.