मधोमध कापलेलं कार्ड

प्रिय ओडेत,

रविवारी तू मला निरोप द्यायला येणार आहेस असं शेजारीण म्हणाली, म्हणून घाईनं लिहितेय. तुझे गुडघे कसे आहेत? मी रेसिफी शहर सोडून बहिणीकडे, दूर आतल्या गावात चाललेय. तिच्याकडे एक जादा खाट आहे आणि टोमणे तर भरपूर आहेत. शिलाई मशीन विकलं. रडून घेतलं, आता रडायचंही त्राण नाही.

लोकांकडून तुला अर्धवट कळलं असेल, माझ्याकडून पुरतं ऐक. दुपारी बँकेतून म्हणून फोन आला. "ज्युरेमाबाई, तुमच्या कार्डावर कुणीतरी टीव्ही घेतलाय हो!" पोरगी अशी काळजीनं बोलत होती की बस. माझ्या आईचं नाव, जन्मतारीख, पेन्शनचा आकडा, सगळं तिला पाठ. तरी मी काय खुळी आहे? घरातला तारेचा फोन ठेवला आणि कार्डामागचा नंबर स्वतः फिरवला. तर तीच टोळी! त्यांनी त्यांच्या बाजूनं फोन ठेवलाच नव्हता, लाइन त्यांच्याच हातात. मी खुशाल पिन दाबली. म्हणाले, कार्ड मधोमध कापून ठेवा, आमचा माणूस तपासासाठी घेऊन जाईल. शिवणाच्या कात्रीनं अगदी सरळ कापलं गं. चिप मात्र शाबूत राहिली, आणि कार्डाचा सगळा जीव चिपमध्येच असतो, हे मेलं मला कुठे ठाऊक!

खातं तर धुऊन नेलंच, वर माझ्या नावानं कर्जही काढलं. आता पेन्शन जमा होतं आणि त्याच दिवशी हप्त्यात जातं. घरमालकानं भाड्यासाठी थांबून पाहिलं, शेवटी खोली रिकामी करा म्हणाला. बँकेतला साहेब म्हणतो, "पिन तुम्हीच दिलीत ना, आजी? मग आम्ही काय करणार?" पोलीस म्हणाला, कार्ड न्यायला आलेला माणूस सापडला तरच काही आशा आहे, ओळखाल का? मी म्हटलं, हेल्मेट होतं, काच खाली होती, तोंड दिसलं नाही. त्यानं कागद बाजूला सारला.

तोंड दिसलं नाही हे खरंच आहे, ओडेत. पण कापलेल्या कार्डाचं पाकीट घेतल्यावर त्या माणसानं हेल्मेटसकट मान वाकवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आशीर्वाद दे, धर्मआई." सवयीनं निघून गेलं गं त्याच्या तोंडून. बाप्तिस्म्याला उभी राहून मी आयुष्यात एकाच पोराची धर्मआई झाले, तुझ्या लेकाची, क्लेब्सनची. आणि मला वेडीला वाटलं, पोराला बँकेत नोकरी लागली! "देव तुझं भलं करो, क्लेब्सन," म्हटलं, तर तो पळतच सुटला. मी त्याचं नाव कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. घर गेलं, ते काही आता परत येत नाही. तू मात्र रविवारी येऊ नकोस. तू आलीस की मोटरसायकलवर तुला सोडायला तोच येईल, माझ्यापुढे मान वाकवील, आणि मी पुन्हा आशीर्वाद देईन.

काही झालं तरी तुझीच,
ज्युरेमा