केसभर फट

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू एवढं बोललीस आणि मी नुसतं हूं हूं करत राहिले. तुला वाटलं असेल, आत्याला राग आलाय. राग नव्हता गं. आत्ता दुकानात जेवणाची सुट्टी आहे, मालक घरी गेलेत, आणि भाड्याने जाणाऱ्या कॅमेऱ्यांचे स्क्रू-पाने बाजूला सारून मी लिहायला बसलेय. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. सोमवारपासून मैत्रिणीच्या ऑफिसात जाणार म्हणालीस. जा की! पंख्याखाली खुर्ची, साडेपाचला सुट्टी, काय वाईट आहे? पण कॅमेऱ्याचं काम आपल्याला जमतच नाही म्हणून जाणार असशील, तर आधी हे सगळं वाच आणि मग काय ते ठरव.

पहिल्यांदा दुकानात काम शिकायला आलीस तेव्हा तो सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा बघून तू नाक मुरडलंस, हा तर नुसता डबा म्हणून. डबाच तो. खाली प्लेट, प्लेटला दोन दांड्या, वर हँडल, बाजूला छोटा स्क्रीन, एवढं आपण चढवलं की मग तो कामाचा. लांब लेन्स असेल तर दांड्यांवरून तिच्या पोटाखाली आधार द्यायचा. फार वर घेतला तर लेन्स उचलली जाते, खाली राहिला तर नुसती शोभा. मधे कागदाची पट्टी सरकवून बघायची, अडकत अडकत निघाली पाहिजे. महिनाभर तोंड फुगवून तेच केलंस, आणि शेवटी माझ्यापेक्षा चांगलं करायला लागलीस. हे मी कधी बोलले नाही, डोक्यावर चढून बसली असतीस.

उलट धांदरट म्हणत राहिले. कप फुटला, धांदरट. बस चुकली, धांदरट. म्हणूनच, पुढे तू कॅमेरामनच्या हाताखाली लागलीस आणि आपल्याच दुकानातल्या त्या कॅमेऱ्यावर तलावावरच्या पक्ष्यांचं दिवसभराचं चित्रण भुरकट निघालं, लेन्स झुकलेली सापडली, तेव्हा तू सगळ्यांसमोर कबूल करून मोकळी झालीस की तुझाच धक्का लागला असेल. लागलेला आठवत नसताना! कॅमेरामननी तुला लेन्सवरून काढून बॅटऱ्या वाहायला लावलं, तेही निमूट केलंस. माझा जीव तुटला गं.

तो कॅमेरा परत आला तेव्हा मीच उघडला. जोडणी झाली की आधाराच्या स्क्रूवर मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढते, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटते. ती रेघ दिसली की पुन्हा कुणी तपासायचं नाही, हे तुलाही मीच शिकवलंय. रेघ जशीच्या तशी होती, आणि लेन्स आणि आधार यांच्यात केसभर फट. म्हणजे धक्काबिक्का काही नाही. आधार लेन्सला टेकलेलाच नव्हता, दुकानातून निघतानाच.

गेले सहा महिने माझ्या बोटांची टोकं बधिर झालीत. पट्टी अडकते की नाही, कळत नाही. तो कॅमेरा तुमच्याकडे पाठवला त्या दिवशी अंदाजानेच रेघ मारली. डॉक्टर म्हणतात नस दबलीये. कुणाला सांगितलं नाही, कारण कळलं असतं तर हे टेबल गेलं असतं, आणि बावीस वर्षं मी इथेच बसलेय. त्याहून वाईट म्हणजे ती फट दिसल्यावर मी रेघ पुसून टाकली. तीन आठवडे तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी ऐकत होते. लाज वाटते मला.

मालक आले की त्यांना सांगणार आहे. मग संध्याकाळी तुझ्याकडे येईन. तोंडाने सांगायला गेले तर परत हूं हूं करत बसेन, म्हणून हे लिहून ठेवलंय. पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत जिन्यात थांबेन. तिथून मला तुमच्या कॅमेरामनकडे जायचंय, चूक कुणाची होती ते सांगायला. ते तुला परत लेन्सवर घेतील का, ठाऊक नाही. पण तुझा हात चांगला आहे, ठमे, माझ्यापेक्षा चांगला. बरोबर आलीस तर बरं वाटेल. दार लावून घेतलंस तरी मी जाणारच आहे.

तुझीच, तुझ्यापुढे मान खाली घातलेली,
आत्या