भरल्या बोटीचं ॲव्हरेज

अगं,

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, डिझेलची आणि पेट्रोलची. हे तत्त्वज्ञान बोटविक्याचं आहे, आणि त्याला दोन्ही इंजिनं खपवायची आहेत.

धाकट्याला घेऊन बोट बघायला चाललोय. तू जागी आहेस हे ठाऊक आहे, पण डोळे मिटून पडली आहेस, म्हणून लिहून ठेवतोय.

त्याला पेट्रोलचं हलकं इंजिन आवडलंय. वाऱ्यासारखं पळतं म्हणे. डिझेलचं जड, खोकणारं, धूर सोडणारं, म्हणजे थेट माझ्या वळणावर गेलेलं. पण तेवढ्याच तेलात लांब जातं. दुकानात सांगतात ते ॲव्हरेज रिकाम्या बोटीचं असतं, बंदरातल्या शांत पाण्यातलं. थोरल्यानेही तेच धरून टाकी भरली होती. परतताना बोट मासळीने भरलेली आणि वारा समोरून. बोट सापडली तेव्हा टाकी कोरडी होती आणि आत कुणी नव्हतं.

म्हणून आज वाळूची पोती नेतोय. ती बोटीत भरून, वाऱ्याच्या तोंडावर चालवून, मगच काय ते ठरवू. बोटविक्या काल म्हणाला, "काका, एवढी परीक्षा जावयाचीही कुणी घेत नाही." म्हटलं, "जावई वाईट निघाला तर मुलगी तरी परत येते."

तू म्हणशील, बोटच नको. मीही तेच सांगून पाहिलं. तो जाणारच आहे. मग परत आणणारं इंजिन तरी असू दे.

माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, म्हणून थोरल्याचे बूट घालून जातोय. चपला तेवढ्या शिवायला टाक.