बाबांच्या खोक्याला पाडलेलं भोक

प्रिय निकेत,

प्रिय लिहायला हात वळत नव्हता, पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहिणार? फोनवरच बोलले असते, पण माझा आवाज चढला की तू ‘ताई, नेटवर्क न्हाय’ म्हणून कापतोस. आता गप बसून शेवटपर्यंत वाच.

आठ महिन्यांपूर्वी आत्याच्या अमिषाच्या हळदीला तू बाबांच्या छोट्या अॅम्प्लिफायरला मागून भोक पाडलंस आणि सॉकेट बसवलास. त्यांना विचारलंसुद्धा नाहीस. लाइन आउट काढलाय, आता बाबांचा बेंजो थेट डीजेच्या मोठ्या बॉक्समधून वाजणार, असं ऐटीत सगळ्यांना सांगत फिरत होतास. तीस वर्षं बाबा तो खोका मांडीला लावून बेंजो वाजवत आले, आपला सूर ते त्यातूनच ऐकतात, हे तुला कुणी सांगायला हवं होतं का? मोठे बॉक्स तू मांडवाकडे तोंड करून लावलेस आणि बाबांना त्या बॉक्सच्या पाठीमागे, ढोलांना खेटून बसवलंस. खोक्याचा लाल दिवा लागलेला, पण आवाजाचा पत्ता नाही. बिचारे बटण पिळत राहिले, पार शेवटापर्यंत, आणि तिकडे बेंजो असा किंचाळला की बायकांनी कानात बोटं घातली. तू माईकवरून, सगळ्या भावकीसमोर ओरडलास, ‘बाबा, ऐकू येत न्हाय का तुम्हाला?’ लोक हसले. मीही हसले, त्याची आज मला लाज वाटते. तुमच्या पार्टीतल्या कुलदीपने कीबोर्डवर गाणं पुढे नेलं आणि बाबा बेंजो उचलून घरी गेले.

तेव्हापासून त्यांनी बेंजोला हात लावलेला नाही. आई रोज फडक्याने पुसते, तेवढंच. तुझ्या टेम्पोवर मात्र अजून बाबांच्याच नावाने ‘हिरामण बेंजो पार्टी’ असं रंगवलेलं आहे, ते पुसायला तुला सुचलं नाही! चार दिवसांपूर्वी मी माहेरी आले. कान तपासायला पेणला चला म्हणून मागे लागले, तर म्हणाले, ‘मानसांचं बोलनं येतंय गं ऐकू, सूर न्हाय येत. सगल्यांनी कान धरलं आन् मना कायच ऐकू न्हाय आलं.’ घरी एकदा वाजवून बघा म्हटलं, तर उठून वाडीत निघून गेले. घाबरतात रे ते. वाजवलं आणि खरंच ऐकू आलं नाही, तर?

काल खोका आणि बेंजो घेऊन मीच पेणला भिकूच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्याने मागचा पत्रा काढला आणि मान हलवली. तू बसवलेल्या सॉकेटात पिन घातली की आतला स्पीकर बंद पडतो, एवढंच. बाबांचे कान ठणठणीत आहेत. त्याने वायर वेगळी काढून दिली. आता पिन घातली तरी स्पीकर वाजतो आणि आवाज बाहेरही जातो. मी स्वतः तार छेडून ऐकलं. अर्ध्या तासाचं काम! मग तो सहज बोलून गेला, ‘हालदीच्या दुसऱ्याच दिवशी निकेतचा फोन आलता, त्याला ह्ये सगलं सांगितलं व्हतं की मी.’

म्हणजे तुला माहीत होतं. आठ महिने बाप स्वतःला बहिरा समजत बसला आणि तू माहीत असून गप्प राहिलास. चूक कुणाच्याही हातून होते, तिला मी काही म्हणत नाही. पण नंतर तू इथे दोनदा येऊन जेवून गेलास, त्यांच्या शेजारी बसून!

बेंजो बाबांनी चंदरच्या बेंजो पार्टीला देऊन टाकायचं ठरवलंय. रविवारी सकाळी चंदर न्यायला येणार आहे. मी अजून त्यांना काही बोललेले नाही. मी सांगितलं तर भिकूचं नाव निघेल, तुझा फोन निघेल, आणि पोराने जाणूनबुजून लपवलं हे त्यांना माझ्या तोंडून कळेल. ते मला त्यांच्यावर आणायचं नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी ये, तुझ्या हाताने पिन घाल आणि तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास, तर रविवारी चंदर यायच्या आत मी सांगेन, अगदी सगळं सांगेन.

अजून तरी तुझीच,
कल्पिताताई